साखरपट्ट्यातील दुखरी दाढ

दंत महाविद्यालये आहेत, दंतवैद्य आहेत, योजनाही आहेत. तरीही जिल्ह्याच्या अर्ध्या भागात दातावरचा एकच इलाज शिल्लक राहतो, तो म्हणजे दात उपटून टाकणे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या निमित्ताने दंतआरोग्याच्या विषम वाटपाची ही चिकित्सा.

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली, तेव्हा टूथपेस्ट आणि टूथब्रश यांच्यावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि दंतमंजनावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही बातमी महिन्याच्या वाणसामानाच्या हिशेबात वाचली गेली आणि विसरलीही गेली. वस्तुतः तो सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय होता. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट ही आता केवळ सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवरची वस्तू राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला आहे.

त्याआधी मे २०२३ मध्ये राज्य शासनाने सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमून ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेतले. दात घासा, चूळ भरा, सकस आहार घ्या, तंबाखू व सिगारेटपासून दूर राहा आणि वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जा, असा या अभियानाचा पंचसूत्री संदेश. त्यातील पहिली चार सूत्रे बऱ्याच अंशी माणसाच्या स्वतःच्या हाती आहेत. पाचवे मात्र तसे नाही. पुण्यातील किंवा ठाण्यातील वाचकासाठी वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जाणे हा इच्छेचा प्रश्न असतो. जामखेड किंवा पाथर्डी तालुक्यातील शेतमजूर स्त्रीसाठी तो अंतराचा, एसटीच्या वेळापत्रकाचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न असतो. दंतआरोग्याविषयीची आपली बहुतेक चर्चा पहिल्या प्रकारच्या माणसाला समोर ठेवून होते, हेच तिचे मूळ दुखणे आहे.

एक जिल्हा, दोन चेहरे

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अहिल्यानगर हा अत्यंत योग्य जिल्हा आहे. २०२४ मध्ये नामांतर झालेला हा पूर्वीचा अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि चौदा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार आणि दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार ग्रामीण. उत्तरेकडे प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांनी भिजलेला राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेरचा पट्टा. दक्षिणेकडे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी असा, काही बागायती पट्टे सोडले तर, पावसाच्या लहरीवर जगणारा मुलूख. पश्चिमेला अकोले तालुक्यातील डोंगराळ आदिवासी भाग.

सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० मध्ये याच जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरानगर येथे घातला गेला, हे सर्वविदित आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगातून पुढे शिक्षणसंस्था व रुग्णालये उभी राहिली. लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. त्याच परिसरात ग्रामीण दंत महाविद्यालयही उभे राहिले आणि २००३ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संगमनेरलाही दंत महाविद्यालय निघाले. खेड्यात दंतवैद्यक शिकवले जावे ही कल्पनाच त्या काळात धाडसाची होती. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या शहरांत शासकीय दंत महाविद्यालये एकवटली असताना एका साखर कारखान्याच्या सावलीत दातांची खुर्ची पोहोचली, याचे श्रेय सहकाराला दिलेच पाहिजे.

परंतु साखरेबरोबर जे गेले ते पाण्याच्या पाठोपाठ गेले. दंतशिक्षणाची ही केंद्रे उत्तरेत उभी राहिली. जामखेडहून लोणीला जायचे तर सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. दाढ भरण्यासाठी एक फेरी, मूळनलिका उपचारासाठी म्हणजे रूट कॅनालसाठी दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते. खासगी दवाखान्यात जावे तर रूट कॅनाल आणि त्यावरची टोपी यांचा खर्च काही हजारांत जातो. तेव्हा रुग्ण सरळ विचारतो, ‘काढून टाकायला किती?’ त्याचा हा प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. त्याच्या परिस्थितीत तो काटेकोर हिशेब असतो.

दुखण्याची वाट

दातांच्या किडीचे गणित तसे सोपे आहे. तोंडातील जंतू साखरेचे आम्लात रूपांतर करतात, त्या आम्लाने दाताचे कवच झिजते आणि लाळ पुढील अर्ध्या-पाऊण तासात ते आम्ल निवळवते. म्हणून एकूण साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व असते. दिवसभरात पाच-सहा वेळा गोड चहा, मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा, ही आज खेड्यातील गरिबाची न्याहारी झाली आहे. साखर स्वस्त झाली, घराघरांत पोहोचली; तिच्या मागोमाग टूथपेस्ट आणि दंतवैद्य मात्र त्या वेगाने पोहोचले नाहीत.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखरोग आहेत आणि त्यांतील चारांपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. इतका व्यापलेला रोग असूनही त्याची गणना आपण ‘किरकोळ’ दुखण्यांत करतो. ‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळा. पण दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. ती ठणकत असलेले मूल रात्री झोपत नाही, नीट जेवत नाही आणि वर्गात लक्ष देत नाही.

यात महाराष्ट्राचे एक खास दुखणे मिसळते, ते मिश्रीचे. तंबाखू भाजून तिची पूड दाताला लावण्याची सवय ग्रामीण स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. दाढ दुखू लागली की तंबाखू किंवा मिश्री तेथे दाबून धरायची, बधिरपणा आला की कामाला लागायचे. आज दुखण्यावर उतारा म्हणून आलेली वस्तू उद्या व्यसन होते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली, राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; पण चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला कोणता कायदा अडवणार? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम ४ टक्के आढळले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४ टक्क्यांहून अधिक. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले. वेळेवर न भरलेली दाढ आणि उशिरा सापडलेला मुखाचा कर्करोग हे दोन वेगळे विषय वाटतात. पण ज्या तोंडात कोणी कधी डोकावलेच नाही, त्या एकाच तोंडातील ते दोन रोग आहेत.

दक्षिणेकडील तालुक्यांतून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हा याचा सर्वांत कठोर भाग. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेली जोडपी उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. दातांचे विकार त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. ते नेमके हिवाळ्यात आले तर ऊसतोड कामगाराचे मूल फडात असते. म्हणजे ज्या मुलाला तपासणीची सर्वाधिक गरज, तेच हजेरीपटावर गैरहजर. राज्याच्या साखरेसाठी राबणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला दंतसेवा न येणे हा केवळ दैवदुर्विलास नव्हे. तो नियोजनाचा दोष आहे.

योजना आहेत, पण...

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम आखला आणि जिल्हा रुग्णालयांपासून खालपर्यंत दंत विभाग उभारण्यासाठी राज्यांना साह्य देऊ केले. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यावयाच्या बारा सेवांमध्ये प्राथमिक मुखआरोग्य सेवेचा समावेश आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत मुखाच्या कर्करोगासाठी तोंड पाहणेही अपेक्षित आहे.

तथापि कागदावरील सेवा आणि तोंडापर्यंत पोहोचलेली सेवा यांत बरेच अंतर असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतशल्यचिकित्सकाचे पद सर्वसाधारणपणे नसते. ते ग्रामीण रुग्णालयापासून वर. तेथेही पद मंजूर असणे, ते भरलेले असणे आणि त्या डॉक्टरच्या हाती चालू खुर्ची, वीज, पाणी, निर्जंतुकीकरणाचे यंत्र आणि दात भरण्याचे साहित्य असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दाढ काढायला चिमटा, भुलीचे इंजेक्शन आणि काही मिनिटे पुरतात. दाढ वाचवायला मात्र वरील सर्व काही लागते. त्यामुळे साहित्य संपले, यंत्र बिघडले की दवाखाना बंद पडत नाही. तो केवळ दात काढण्याचे केंद्र बनतो. बाह्यरुग्णांच्या नोंदवहीत आकडा मात्र पूर्वीइतकाच दिसत राहतो. सेवेचा दर्जा घसरल्याची नोंद कोठेच होत नाही.

विम्याचीही तीच कथा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबांना मोठ्या शस्त्रक्रियांचा आधार दिला, मुखाच्या कर्करोगावरील उपचारही दिले. परंतु अशा योजनांची घडण रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी असते. दात भरणे, रूट कॅनाल, कवळी हे चालत येऊन चालत जाण्याचे उपचार. ते या चौकटीबाहेर राहतात. परिणामी कर्करोग झाल्यावर लाखाचा खर्च शासन उचलते, पण तोंडातील पांढरा चट्टा वेळीच ओळखण्यासाठी लागणाऱ्या दहा मिनिटांचा मोबदला कोणाच्याच हिशेबात नसतो.

आणि दंतवैद्यांचा तुटवडा आहे म्हणून हे घडते, असेही नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुसंख्य खासगी. अलीकडच्या वर्षांत त्यांतील अनेक जागा रिकाम्या राहिल्याच्या बातम्या येतात. भरमसाट शुल्क भरून पदवी घेतलेला तरुण, खुर्ची आणि यंत्रांसाठी कर्ज काढून, साहजिकच जेथे रोख पैसे देणारा रुग्ण आहे तेथे पाटी लावतो. एकाच रस्त्यावर पाच दवाखाने आणि शेजारच्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर एकही नाही, असे चित्र त्यातून उभे राहते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीचा प्रत्यय येथे उलट्यासुलट्या दोन्ही अर्थांनी येतो.

उत्तर जामखेडलाच आहे

या कोंडीवरचा उपाय परदेशात शोधण्यापूर्वी याच जिल्ह्याकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आल्मा-आटा परिषदेने १९७८ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेचा जगभर पुरस्कार केला, त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. गावातील, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढे २००५ मध्ये देशपातळीवर आलेल्या ‘आशा’ योजनेमागील विचाराशी या कामाचे नाते स्पष्ट आहे. जामखेडने शिकवलेला धडा असा की, डॉक्टरला जे येते त्यातील बरेचसे गावातील बाईला शिकवता येते. आणि डॉक्टरने फक्त त्यालाच जे येते तेवढेच करावे.

दंतवैद्यकात हा धडा आपण अद्याप गिरवलेला नाही. न्यूझीलंडने १९२१ पासून शाळांत दंतपरिचारिका नेमल्या. ब्राझीलने २००४ मध्ये कुटुंब आरोग्य पथकांना दंतपथकांची जोड देण्याचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातच दंत-आरोग्यकांना मान्यता होती. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. म्हणजे सहायक मनुष्यबळाची कल्पना कायद्याला नवी नाही. तिला खेड्यात नेण्याची इच्छाशक्ती तेवढी नवी लागेल.

तंत्रज्ञानही आता आडवे येत नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात विकसित झालेल्या पद्धतीत वीज आणि ड्रिलशिवाय, केवळ हाती धरायच्या उपकरणांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरले जाते. हे काम शाळेच्या बाकावरही होऊ शकते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडलेल्या जागी लावला की कीड बहुधा पुढे सरकत नाही. त्याने ती जागा काळी पडते एवढाच दोष, आणि तो पालकांना आधी समजावून सांगायला हवा. ही दोन्ही साधने जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०२१ च्या यादीत आहेत. महागडी यंत्रसामग्री नाही म्हणून खेड्यात सेवा नाही, हे कारण आता टिकत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट जिल्हा परिषद आणि दंत महाविद्यालये यांच्यातील करार. दंत महाविद्यालयाला शिकवण्यासाठी रुग्ण लागतात आणि दक्षिणेतील तालुक्यांना दंतवैद्य लागतात. प्रत्येक महाविद्यालयाने ठरावीक तालुके पाच वर्षांसाठी दत्तक घ्यावेत. आंतरवासितेतील विद्यार्थी व त्यांचे शिक्षक तेथील ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी, शक्यतो आठवडे बाजाराच्या दिवशी, बसावेत. शिबिरांचा मोह मात्र टाळावा. शिबिरात मुलाच्या हाती चिठ्ठी आणि टूथपेस्टची लहान ट्यूब पडते, छायाचित्र छापून येते आणि किडलेली दाढ जेथे होती तेथेच राहते. एकदा येणाऱ्या पन्नास डॉक्टरांपेक्षा दर मंगळवारी येणारा एक डॉक्टर गावाला अधिक उपयोगी.

दुसरी गोष्ट कारखान्यांची. गाळप हंगामात हजारो ऊसतोड कुटुंबे एका ठिकाणी येतात. जे मूल शाळेत सापडत नाही ते कारखान्याच्या अड्ड्यावर सापडते. हंगामाच्या आरंभी मुलांच्या दातांची तपासणी व उपचार आणि प्रौढांची मुखतपासणी करणे कारखान्याला अवघड नाही. ज्या सहकाराने लोणीत महाविद्यालय उभे केले त्याला फडापर्यंतचे हे अंतर फार वाटू नये.

तिसरी गोष्ट मोजमापाची. किती रुग्ण तपासले हा आकडा निरुपयोगी आहे. प्रत्येक शासकीय दंत विभागाने दर तिमाहीस दोनच आकडे प्रसिद्ध करावेत: किती दात काढले आणि किती वाचवले. या गुणोत्तरातून साहित्य होते की नव्हते, डॉक्टर होता की नव्हता, खुर्ची चालू होती की बंद, हे सारे उघड होईल. त्याच्या जोडीला उपकरणांचे निर्जंतुकीकरण कसे होते याची तपासणी हवी. कारण अस्वच्छ चिमट्यातून कावीळ ‘ब’ देणारी सेवा नसलेली बरी.

चौथी गोष्ट पैशाची. दात भरणे, मुलांच्या दाढांवर संरक्षक लेप आणि वृद्धांसाठी साधी कवळी, एवढा मूलभूत संच आरोग्य योजनेत आणून खासगी दंतवैद्यांना ठरावीक दराने त्यात सहभागी करता येईल. रिकाम्या खुर्चीपुढे बसलेल्या तालुक्याच्या गावच्या तरुण दंतवैद्याला तो आधार ठरेल आणि रुग्णाचा जिल्ह्याच्या ठिकाणचा हेलपाटाही वाचेल.

माता-बालमृत्यू, क्षयरोग, सर्पदंश असे प्रश्न उभे असताना दातांसाठी पैसा कोठून आणायचा, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैर नाही. पण येथे सुचवलेल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही. आशा कार्यकर्ती घरोघरी जातेच, शाळेत पथक येतेच, महाविद्यालयात विद्यार्थी असतातच. शिवाय आशांवर आणखी एक काम लादताना त्याचा मोबदला द्यावा लागेल, हेही ओघाने आलेच. ज्यांचे मधुमेह आणि हिरड्यांचे विकार एकमेकांना वाढवतात अशा रुग्णांची संख्या वाढत असताना तोंड हा शरीराबाहेरचा अवयव मानण्याची चैन कोणत्याच आरोग्ययंत्रणेला परवडणार नाही.

लोकसहभागाचा वारसा या जिल्ह्याला नवा नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने दारूबरोबर तंबाखू-विडीची विक्रीही गावाबाहेर काढून दाखवली. हिवरेबाजारने पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला. त्याच धर्तीवर एखाद्या ग्रामसभेने आपल्या शाळेतील मुलांच्या दातांचा ताळेबंद मांडायला काय हरकत आहे? किती मुलांचे दात किडले, किती भरले गेले, किती घरांत मिश्री बंद झाली, हे फळ्यावर लिहिले गेले तर पुढच्या वर्षी ग्रामीण रुग्णालयातील बंद खुर्चीविषयी विचारणारे लोक गावातूनच उभे राहतील. तोवर जामखेडच्या बाजारात दुखरा गाल धरून आलेल्या माणसाला, वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जा असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कितपत आहे, याचा विचार शहरातील वाचकांनी आणि मंत्रालयातील धोरणकर्त्यांनी करावा.